पिनाकाचं रॉकेट अर्धा किलोमीटर चुकतं, मग त्याचा उपयोग काय? एका जुन्या गनरचं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारा मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात शिकतो, त्याला पिनाकावर, म्हणजे आपल्या सैन्याच्या ट्रकवरून रॉकेटं सोडणाऱ्या लाँचरवर, सेमिनार द्यायचाय. त्याच्या वाचनात आलं की पिनाका ३८ किलोमीटरवर मारा करतं पण साधं रॉकेट त्या अंतरावर चारपाचशे मीटर इकडेतिकडे पडू शकतं. मग तो विचारतो, नेमच नसेल तर एवढा खटाटोप कशाला, तेवढ्या पैशात तोफा नाहीतर ड्रोन का घेत नाहीत, आणि ट्रकवरून एकामागून एक १२ रॉकेटं सुटताना ट्रक हलतो तेव्हा दुसऱ्या रॉकेटाचं काय होतं. शेवटी "सर प्लीज सांगा" असं लिहिलंय. सर वगैरे नको हो, आमच्याकडे साहेब म्हणजे ऑफिसर आणि मी सुभेदार म्हणून घरी आलो. तोपखान्यात २८ वर्षं काढली, सुरुवात ग्रॅड या जुन्या रशियन रॉकेट लाँचरवर, शेवटची बरीच वर्षं पिनाकावर, आणि त्यातला निम्मा वेळ कमांड पोस्टमध्ये टीए म्हणून, म्हणजे हिशेब करणारा माणूस. त्यामुळे माझं उत्तर थोडं हिशेबाच्या अंगाने जाईल. आणि जे उघड छापून आलेलं आहे तेवढेच आकडे देणार, त्यापुढे विचारू नका.

तुमचा खरा घोटाळा कुठे होतोय सांगू का, तुम्ही रॉकेट लाँचरकडे रायफलसारखं बघताय. एक गोळी, एक टार्गेट, लागली की नाही लागली. मल्टिबॅरल, म्हणजे अनेक नळ्यांच्या, लाँचरचा जन्मच त्या कामासाठी झालेला नाही. त्याचं काम असतं जमिनीच्या एका मोठ्या तुकड्यावर, जिथे समोरच्याच्या तोफा पसरून उभ्यात, गाड्या जमल्यात, हल्ल्याच्या आधी माणसं एकत्र आलीत, तिथे अगदी थोड्या वेळात खूप सारं दारूसामान एकदम टाकायचं. म्हणून आम्ही "एक रॉकेट किती चुकतं" हे दुसऱ्या नंबरला विचारतो, पहिल्या नंबरला विचारतो पहिल्या अर्ध्या मिनिटात तिथे किती किलो पोचलं आणि त्यानंतर आपला ट्रक किती लवकर तिथून निघाला. हे दोन आकडे धरून बसा, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

आता पिनाकाचे आकडे. रॉकेट २१४ मिलिमीटर जाडीचं, लांबी पाच मीटरला थोडी कमी, वजन २७६ किलो, त्यातलं वॉरहेड, म्हणजे टार्गेटवर फुटणारा भाग, १०० किलोचं. एका लाँचरवर सहा-सहा ट्यूबचे दोन पॉड, म्हणजे पेट्या, म्हणजे १२ रॉकेटं, टाट्राच्या आठ चाकांच्या ट्रकवर बसवलेली. बारा रॉकेटं ४४ सेकंदात बाहेर. एका बॅटरीत, म्हणजे रेजिमेंटच्या एका भागात, सहा लाँचर, म्हणजे ४४ सेकंदात ७२ रॉकेटं, म्हणजे ७,२०० किलो वॉरहेड. हे साधारण १००० मीटर बाय ८०० मीटरच्या तुकड्यावर पडतं असं सांगतात. आपल्या भाषेत करून बघा, ८० हेक्टर, म्हणजे जवळपास दोनशे एकर. दोनशे एकराला ७२ रॉकेटं म्हणजे पावणेतीन एकराला एक, ११० गुंठ्यांत एक १०० किलोचं वॉरहेड, आणि हे सगळं पाऊण मिनिटाच्या आत. आता सांगा, यातलं एखादं रॉकेट तीनशे मीटर डावीकडे गेलं तर काय बिघडलं? ते त्या दोनशे एकरातच पडलंय. उलट सगळी ७२ एकाच खड्ड्यात पडली असती तर आमचं काम फुकट गेलं असतं. थोडा पसारा आम्हाला हवाच असतो, फक्त त्या पसाऱ्याचा मध्य बरोबर जागी पाहिजे. पसारा वेगळा आणि मध्य चुकणं वेगळं, हा फरक नवीन पोरांच्या डोक्यात घालायला मला दर वर्षी आठवडा लागायचा. पसारा रॉकेटाचा दोष, मध्य चुकला तर तो माझा, कमांड पोस्टवाल्याचा दोष.

वेळेचं एवढं का, तर तुम्ही उघड्या मैदानात उभे आहात आणि पहिला गोळा पडला तर तुम्ही काय कराल? आडवे पडाल, दुसऱ्याला खड्ड्यात उडी माराल, दोन मिनिटांनी बंकरमध्ये असाल आणि गाडीवाला गाडी घेऊन पळालेला असेल. म्हणजे जे काही नुकसान व्हायचं ते पहिल्या काही सेकंदात, नंतर तोच गोळा निम्म्याचंही काम करत नाही. बोफोर्स चांगली तोफ आहे, मला तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, १५ सेकंदांच्या आत तीन गोळे काढते, गोळा ४३ किलोच्या आसपास. अख्ख्या रेजिमेंटच्या १८ तोफांनी तो बर्स्ट काढला तर ५४ गोळे, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास, आणि त्यातलं बरंचसं वजन जाड पोलादाचं, कारण गोळ्याला तोफेच्या नळीतला धक्का सोसायचा असतो. इकडे पिनाकाच्या एका बॅटरीच्या फक्त वॉरहेडचं वजन सात टनांवर. अर्थात तोफ त्यानंतर तासभर मारत राहील आणि आमचा लाँचर ४४ सेकंदांनी रिकामा, ते पुढे येतंच.

आता रॉकेट कशामुळे चुकतं ते बघू, इथे तुमचं मेकॅनिकल कामाला येईल. तोफेचा गोळा नळीतून बाहेर पडतो तेव्हाच त्याचा सगळा वेग त्याच्याकडे असतो, पुढे तो फक्त कमी होत जातो. रॉकेटाचं उलटं, ते ट्यूबमधून बाहेर येतं तेव्हा त्या मानाने सावकाश असतं आणि मोटर जळत असताना बाहेर हवेत वेग घेतं. म्हणजे जेव्हा ते सगळ्यात नाजूक असतं नेमकं तेव्हा ते उघड्यावर असतं. दिवाळीला बाटलीत ठेवून बाण उडवलाय ना, वारा डावीकडून असेल तर तो कुठे जातो नीट आठवा. लोकांना वाटतं वाऱ्याबरोबर उजवीकडे. नाही, काडी मागे असल्याने वारा शेपूट ढकलतो, तोंड वाऱ्याकडे वळतं आणि मागून दारू जळतेय म्हणून तो वारा येतोय त्या बाजूलाच, डावीकडे जातो. दारू संपली की मग वारा त्याला उजवीकडे ढकलतो. शेपटाला पंख असलेल्या मोठ्या रॉकेटाचंही तत्त्व तेच. म्हणजे एकाच वाऱ्याचा आधी एक परिणाम आणि नंतर बरोबर उलटा. त्यात पुन्हा नोझल एका केसाने तिरकं, दारूच्या कांडीत थोडा फरक, वजनाचा मध्य जरा सरकलेला, हे सगळं प्रत्येक रॉकेटात वेगवेगळं. म्हणून रॉकेटाला थोडं फिरवत सोडतात, म्हणजे एका बाजूची खोड फिरून सगळीकडे वाटली जाते, आणि बाहेर पडल्यावर गुंडाळलेले पंख उघडतात. एवढं करूनही साध्या पिनाकाचा पसारा अंतराच्या एकदोन टक्के धरतात, ३८ किलोमीटरला म्हणजे तुमचे ते चारपाचशे मीटर आले, कधी त्याहून जास्तही.

कोनाचा हिशेब तर तोंडपाठच करा. आम्ही डिग्री वापरत नाही, मिल वापरतो, पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर साधारण एक मीटर. मग ३८ किलोमीटरवर एक मिल म्हणजे ३८ मीटर आणि ट्यूब १० मिल हलली की टार्गेट पावणेचारशे मीटर सरकलं, आणि १० मिल म्हणजे अर्ध्या डिग्रीच्या जरा वर. आता तुमचा ट्रक हलण्याचा प्रश्न किती बरोबर आहे ते कळलं असेल.

ट्रक हलतोच. पण तो चाकांवर उभा राहून फायर करत नाही, आधी चार हायड्रॉलिक जॅक खाली जातात आणि ट्रकचं वजन त्यांच्यावर येतं, टायर आणि स्प्रिंगचं झुलणं गेलं. रॉकेटाच्या ट्यूबला मागून तोंड मोकळं असल्याने तोफेसारखा मागचा धक्का बसत नाही, पण जाळ पॉडवर आणि जमिनीवर आपटतो त्याने हादरा बसतो आणि २७६ किलो एका बाजूने निघून गेले की तोलही बदलतो. म्हणून १२ रॉकेटं धडाधड एकदम सोडत नाहीत, ४४ ला १२ ने भागा, दर एकाला पावणेचार सेकंदांच्या आसपास मिळतात, तेवढ्यात लाँचर पुन्हा शांत होतो. याच्याशी ग्रॅडची तुलना करा, १२२ मिलिमीटरची ४० रॉकेटं २० सेकंदात, दर अर्ध्या सेकंदाला एक, तिथे थांबायला कोणाला वेळ आहे, ट्रक अक्षरशः नाचतो आणि पसारा वाढतो तो वाढू दे असा तो जुना रशियन विचार. रॉकेट हलकं, ६६ किलोचं, म्हणून खपून जायचं. मोठ्या रॉकेटात ते परवडत नाही, स्मर्च या मोठ्या रशियन लाँचरचं ३०० मिलिमीटरचं रॉकेट ८०० किलोचं असतं, ती १२ सोडायला ३८ सेकंद घेते.

जॅकवरून एक आठवलं. राजस्थानात एका रेंजवर आम्ही रात्री डिप्लॉय झालो, वरून जमीन कडक वाटत होती, खाली भुसभुशीत वाळू. पहिली तीन रॉकेटं गेली आणि उजवीकडच्या मागच्या जॅकने अंग टाकलं, डोळ्याला दिसणार पण नाही इतकं. लेव्हलच्या आकड्यात दिसलं म्हणून वाचलो, थांबवलं. डिटॅचमेंट कमांडर, म्हणजे त्या एका लाँचरच्या क्रूचा प्रमुख, नवीन होता, जॅकखाली फळ्या टाकायच्या राहिल्या होत्या आणि मी पण विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघांनाही फळ्या उचलून उचलून हाताला फोड आले, एवढंच सांगतो.

पण खरं सांगू, जॅक, जमीन, ट्रक हे दिसतं म्हणून लोक त्यावर बोलतात. माझ्या हिशेबाने सगळ्यात जास्त चुका करवतो तो वारा आणि दारूचं तापमान, दोन्ही न दिसणारे. लांबच्या टप्प्याला पिनाका जिथून जातं ती उंची प्रवासी विमानांची, तिथे वारा वेगळ्या दिशेने, वेगळ्या जोराने, आणि जमिनीवर पान हलत नसेल तरी वर तुफान असू शकतं. म्हणून बॅटरीबरोबर मेटची, म्हणजे हवामान मोजणारी, गाडी असते, फुगा सोडतात, त्याच्याबरोबर गेलेलं यंत्र वरच्या थरांचा वारा, तापमान, दाब खाली पाठवतं आणि ते कॉम्प्युटरमध्ये जातं. हा मेट मेसेज दुधासारखा असतो, ताजा तोवर अमृत. एकदा आम्ही पहाटेचा मेट धरून दुपारी फायर केलं, कारण मेटच्या गाडीत बिघाड होता आणि वरून घाई, आणि वाळवंटात सकाळ आणि दुपार म्हणजे दोन वेगळे देश आहेत. पसारा छान आला, अगदी पुस्तकातल्यासारखा, फक्त अख्खा पसारा टार्गेटच्या शेजारी. ओपीवरून, म्हणजे मारा कुठे पडतो ते बघायच्या चौकीवरून, साहेबांचा आवाज आला तो मी इथे लिहू शकत नाही.

तापमानाचं तसंच. घन दारू गरम असली की लवकर जळते, थंड असली की सावकाश, त्याने वेग बदलतो आणि रेंज बदलते. म्हणून दारूचं तापमान हिशेबात घालतात. आता मे महिन्यात ट्रक असा उभा केला की एक पॉड बराच वेळ उन्हात, दुसरा त्याच्या सावलीत, तर एकाच लाँचरवर दोन तापमानाची रॉकेटं तयार होतात. हे कुठल्या जाहिरातीत नाही येणार, पण चांगला डिटॅचमेंट कमांडर सकाळी ट्रक लावतानाच सूर्य कुठून जाणार ते बघतो आणि जाळी तशी टाकतो.

इथवर बघा: पसारा असतो, तो चालतो, मध्य सांभाळायचा असतो, आणि मध्य सांभाळायला ट्रक स्थिर, जागा पक्की माहीत, दिशा पक्की, मेट ताजा, दारूचं तापमान बरोबर, एवढं लागतं. जागा आणि दिशा पूर्वी सर्व्हेवाले खांब रोवून द्यायचे, आता लाँचरवरच नेव्हिगेशनची यंत्रणा असते, ट्रक थांबला की तो स्वतः सांगतो मी कुठे आहे आणि तोंड कुठे आहे, कमांड पोस्टकडून आकडे आले की पॉड आपोआप फिरतो. नव्या लॉटमध्ये हे अजून सुधारलंय. क्रू काचा बंद करून केबिनमध्येच बसतो, किंवा २०० मीटर लांबून रिमोटवर पण सोडता येतं, आणि सगळंच बंद पडलं तर हाताने करायची सोय ठेवलेली आहे. ती सोय ठेवणाऱ्याचे मी आभार मानतो.

आता दुसरा आकडा, निघून जाण्याचा. लाँचरने फायर केलं की धूर, धूळ, जाळ, दहा किलोमीटरवरून आंधळ्याला पण कळेल. शिवाय समोरच्याकडे वेपन लोकेटिंग रडार असतं, आपल्याकडे स्वाती आहे तसं, ते हवेतल्या रॉकेटाचा मार्ग बघून तो कुठून सुरू झाला ते काढतं. रॉकेटाला पोचायला मिनिटभराहून जास्त लागतो, म्हणजे तुमचं शेवटचं रॉकेट अजून हवेत असतानाच तिकडे तुमच्या जागेचा हिशेब सुरू झालेला असतो. म्हणून ट्रक. ओढून न्यायची तोफ गाडीला जोडून निघायला वेळ घेते, आमचा जॅक वर, पॉड खाली, गिअर टाकला आणि गेला. फायर कर आणि पळ, यात लाज नाही, यालाच शूट अँड स्कूट म्हणतात. आणि ट्रकच का, रणगाड्यासारखा साखळीवर का नाही, तर रस्त्याने शेकडो किलोमीटर स्वतः जातो, टायर-इंजिन सांभाळणं सोपं, स्वस्त. चिखलात साखळी बरी हे मान्य, पण आम्हाला पुढच्या फळीत जायचंच नसतं.

पळाल्यावर पुढच्या जागी दुसरी गाडी थांबलेली असते, क्रेनवाली, ती रिकामा पॉड उचलते आणि भरलेला ठेवते, सहा रॉकेटं एका झटक्यात. ग्रॅडला आम्ही ४० रॉकेटं हाताने ढकलायचो, एकेक ट्यूबमध्ये, थंडीत बोटं चिकटायची. पॉड आला तेव्हा जुन्या माणसांना स्वर्ग दोन बोटं उरला. पण वजनाचा हिशेब कोणी करत नाही तो करा: एका बॅटरीचा एक सॅल्व्हो, म्हणजे एका दमात सोडलेली सगळी रॉकेटं, ७२ गुणिले २७६, जवळजवळ २० टन माल ४४ सेकंदात गेला. अख्ख्या रेजिमेंटचा, १८ लाँचरचा, एक सॅल्व्हो ६० टनांच्या घरात. हा माल मागून, खराब रस्त्याने, रात्री दिवे बंद करून, वरून ड्रोन फिरत असताना कोणीतरी आणून द्यायचाय. म्हणून बॅटरीत लाँचर सहाच पण त्यांच्याबरोबर भरणाऱ्या आणि माल आणणाऱ्या गाड्या मिळून नऊ, वर कमांड पोस्टच्या दोन आणि मेटची वेगळी. यूट्यूबवर लाँचर दिसतो, युद्ध मात्र त्या नऊ गाड्यांवर चालतं.

आता तोफा का ड्रोन का रॉकेट, इथे मी सरळ उत्तर देणार नाही कारण ते परिस्थितीवर आहे. टार्गेट मोठं, पसरलेलं, लवकर हलणारं असेल आणि आसपास गाव नसेल तर साधं पिनाका. दिवसभर पायदळाला पुढे सरकायला आधार द्यायचाय, पाच मिनिटाला दोन गोळे, आपल्या माणसांच्या जवळ, तर तोफ, रॉकेट तिथे नकोच, आपल्याच पोरांवर पडेल. डोंगरात उतारामागे लपलेल्यावर तोफ बरी, कारण तोफेत दारूचे चार्ज कमीजास्त करून गोळ्याची कमान बदलता येते, रॉकेटाची मोटर एकदा पेटली की पूर्णच जळते. (ग्रॅडच्या वेळी कमी अंतरासाठी रॉकेटाच्या नाकाजवळ एक चकती बसवायचो, हवेचा अडथळा वाढवायला, म्हणजे गाडी हळू चालवायची म्हणून दार उघडं ठेवून चालवण्यासारखं.) एकच पूल, एकच रडार, एकच इमारत असेल तर गायडेड रॉकेट, क्षेपणास्त्र किंवा ड्रोन. ड्रोन स्वस्त आहे, नेम चांगला आहे, पण तो किती किलो नेतो आणि अशा किती गोष्टी एका मिनिटात पोचवू शकतो हे विचारा. माझ्या मते ड्रोनने आमची जागा घेतली नाही, आमच्या ओपीची निम्मी जागा घेतली. पूर्वी डोंगरावर बसलेला माणूस दुर्बिणीतून बघायचा, आता ड्रोन ३० किलोमीटर आत जाऊन सांगतो गाड्या कुठे आहेत आणि पसारा कुठे पडला. पण समोरच्याकडे पण ड्रोन आहेत, त्यामुळे फायर करून पळणं पुरत नाही, फायरच्या आधी लपून बसणं सुद्धा आता तेवढंच मोठं काम झालंय, युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंचे किती लाँचर उभ्या जागी, झाडाखाली मारले गेले ते बघितलंच असेल.

गायडेडचं थोडं. पिनाकाच्या गायडेड रॉकेटात नाकाजवळ छोटे हलणारे पंख असतात, आत स्वतःची हालचाल मोजणारी इनर्शियल यंत्रणा आणि उपग्रहाची मदत, त्यामुळे वाऱ्याने ढकललं तरी ते स्वतः परत रस्त्यावर येतं, रेंज ७५ किलोमीटरवर गेली आणि पसारा शेकडो मीटरच्या हिशेबातून मोजक्या मीटरच्या हिशेबात आला. पहिली चाचणी जानेवारी २०१७ मध्ये चांदीपूरला, आणि सैन्याच्या मागणीप्रमाणेच्या चाचण्या नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाल्याचं संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं. अमेरिकेच्या हिमार्स लाँचरने २०२२ मध्ये युक्रेनमध्ये जे गाजवलं ते याच जातीच्या रॉकेटांनी, एका ट्रकवर फक्त सहा पण सहाही जागेवर. मग सगळीच गायडेड का नको? एक तर किंमत. दुसरं, उपग्रहाचा सिग्नल जॅम करता येतो, तिकडे हे झालंय आणि नेम खाली आलाय. तिसरं, दोनशे एकरात पसरलेल्या गाड्यांचा प्रत्येकीचा अचूक पत्ता तुमच्याकडे नसतो, आणि पत्ता नसेल तर अचूक रॉकेट घेऊन करायचं काय. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकाच्या दारूगोळ्याचे १०,१४७ कोटींचे करार झाले ते साध्या पसाऱ्याच्या रॉकेटांचेच होते. त्यातला एक प्रकार छोटे छोटे बॉम्ब विखुरणारा आहे, आणि त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, त्यातले न फुटलेले शेतात पडून राहतात, मी रेंज क्लिअर करायला पायी फिरलोय, मला ते कधी आवडले नाहीत, पण निर्णय घेणारे मी नाही.

पिनाकाचा जन्म कसा झाला हे सेमिनारला लागेल. काम डिसेंबर १९८६ मध्ये मंजूर झालं, पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेकडे मुख्य जबाबदारी, दारूचं काम सुतारवाडीच्या एचईएमआरएल या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे, म्हणजे तुमच्या कॉलेजातून बाइकने जाऊन बाहेरून पाटी बघून याल एवढ्या अंतरावर. कारगिलला १९९९ मध्ये पिनाका अजून चाचणीच्या अवस्थेत होतं तरी नेलं आणि वापरलं, आणि फेब्रुवारी २००० मध्ये पहिली रेजिमेंट उभी राहिली. मी कारगिलला ग्रॅडवर होतो, पिनाका लांबून ऐकलं फक्त. उंचावर हवा विरळ असल्याने रॉकेट जास्त लांब जातं, मैदानातले रेंज टेबल तिथे जसेच्या तसे चालत नाहीत, आणि आम्ही रात्र रात्र कागदावर दुरुस्त्या करत बसायचो. ऑगस्ट २०२० मध्ये सहा रेजिमेंटसाठी ११४ लाँचरचा करार झाला, ट्रक बीईएमएलचे, लाँचर टाटा आणि एल अँड टीचे. बाहेर आर्मेनियाने घेतलंय. नाव शंकराच्या धनुष्याचं, आणि गंमत म्हणजे पेशवाईतल्या मराठीत रॉकेटाला बाणच म्हणायचे, ते सोडणाऱ्याला बाणदार. टिपूच्या लोखंडी नळीच्या बाणांनी इंग्रजांना पोल्लिलूरला १७८० मध्ये हैराण केलं हे सगळे सांगतात, आपल्या फौजांत पण बाणदार होते हे कोणी सांगत नाही.

सेमिनारसाठी एक सल्ला, रेंजवर स्लाइड बनवू नका, ३८, ६०, ७५ हे आकडे सगळ्यांनी वाचलेत. डावीकडून वारा आला तर रॉकेट डावीकडे जातं हे फळ्यावर काढा आणि वर्गाला आधी विचारा कुठे जाईल, नव्वद टक्के चुकतील. मग ४४ सेकंदात २० टन हा गुणाकार त्यांच्यासमोर करा. आणि प्रोजेक्ट करायचा असेल तर रॉकेटाच्या मागे न लागता भुसभुशीत जमिनीवर जॅकचा पाय किती रुंद असावा म्हणजे बारा रॉकेटं जाईपर्यंत तो एक मिलपेक्षा जास्त बसणार नाही, हे मांडा. मातीचा तक्ता सिव्हिलच्या मुलांकडून घ्या. जमलं तर मला आकडे पाठवा, मला त्या फळ्या अजून आठवतात.